डीकनच्या आठ ओळी

मेम्फिस, ६ फेब्रुवारी २०२४

कार्नेल,

माझं नाव वाचून तू हे पत्र फाडणार नाहीस, कारण आता तुरुंगात कागद हातात देतच नाहीत म्हणे. पत्राचा फोटो काढतात आणि टॅबलेटवर दाखवतात. म्हणजे फार तर बोटाने उडवून टाकशील. उडवायच्या आधी एवढं वाच: शुक्रवारी मी व्हर्डी पिकन्सला ऐकून आलो.

हो, आहे अजून. अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाली. टुनिकाच्या कॅसिनोत महिन्यातून एकदा गाते. दोन पुतणे दोन्ही बाजूंनी धरून तिला आणतात आणि खुर्चीत बसवतात. पायात चपला, अंगावर मात्र तोच चमचमता निळा झगा. वरचा सूर आता लागत नाही. तो यायच्या आधी ती माइक आमच्याकडे फिरवते आणि आम्ही सगळी म्हातारी मंडळी तिच्या वाटचं गातो. खरं सांगायचं तर अर्ध्याहून जास्त गाणी आम्हीच म्हटली आणि वर तिकीटही आम्हीच काढलं. तरी मी रडलो. लव्हॉन म्हणाली, "ओझेल, पुरे आता. शेजारची बाई बघतेय." शेजारची बाईही रडत होती.

येताना गाडीत एकच विचार चालला होता. त्या शुक्रवारी तिथे पाच जण गायले, पाचही सत्तरीपुढचे. एकाला दिसत नाही, एकाच्या दोन्ही गुडघ्यांत धातू आहे, पण कामावर सगळे हजर. आणि आपल्या स्केटिंग रिंकमधल्या शहाण्णव सालच्या कार्यक्रमाचं पोस्टर आठव. सात रॅपर होते त्यावर. दोघांना गोळ्या लागल्या. बिग थर्मनचा आधी साखरेने पाय नेला, मग तो गेला, वय एकेचाळीस. एक पाद्री झालाय आणि देवाच्या नावाने तेच हातवारे करतो. एक गालिचे विकतो. एकाचा पत्ता नाही. सातवा तू.

व्हर्डीसारखे सोल गाणारे एवढे टिकतात आणि आपले रॅपवाले का टिकत नाहीत, यावर माझी बरीच मतं आहेत. तुला माहीतच आहे, माझी मतं कधी कमी पडली नाहीत. ते चर्चमध्ये वाढले, छाती भरून श्वास घ्यायला शिकले, हे एक. दुसरं मी पुढच्या पत्रात लिहीन, तू उत्तर दिलंस तर.

नव्व्याण्णवमध्ये आम्ही घर बदललं. त्या सुमारास तू काही लिहिलं असशील, तर ते माझ्यापर्यंत पोचलं नाही.

ओझेल व्हिटलो


३ मार्च २०२४

कार्नेल,

तुझं उत्तर आलं. पंचवीस वर्षांनी उत्तर आलं आणि त्यात एकच ओळ: "व्हर्डीने ते सावकाश गाणं म्हटलं का?" अरे माणसा! शिव्या घालशील, मेलेल्या आईबापांचा उद्धार करशील अशी मी तयारी ठेवली होती, आणि तू हे विचारतोस.

म्हटलं. सगळ्यात शेवटी म्हटलं. डोळे मिटून, मूळ चालीपेक्षाही सावकाश. त्या गाण्यात मात्र तिने आम्हाला माइक दिला नाही.

आता वेगळीच गोष्ट. मागच्या मंगळवारी शाळेच्या बसची दुपारची फेरी संपवून मी घरी आलो, तर सोफ्यावर एक वकीलबाई बसलेल्या. मिस प्रुइट. तुझी केस त्यांनी फुकट घेतलीय हे तुला ठाऊकच असणार. लव्हॉनने त्यांना केक दिला होता, त्यांनी हात लावला नव्हता. त्या म्हणाल्या की केसमधलं बाकी सगळं ढासळलंय. लाल जाकीटवाला उंच मुलगा पाहिला म्हणणारा जो एकटा साक्षीदार होता, त्याने मरण्याआधी लिहून दिलंय की पोलिसांनी बोलायला लावलं म्हणून बोललो. आता तुझ्याविरुद्ध उरल्यात फक्त तुझ्या कॅसेटवरच्या त्या आठ ओळी.

मग त्यांनी पिशवीतून एक झेरॉक्स काढली. त्र्याऐंशी सालच्या वर्तमानपत्राची. एल्बर्ट व्हिटलो, वय चौतीस, गाड्या धुण्याच्या दुकानामागे बर्फाच्या यंत्राशेजारी मृत सापडला. "मिस्टर व्हिटलो," त्या म्हणाल्या, "त्या ओळींत बर्फाचं यंत्र आहे. साबणाच्या पाण्यात पडलेला डाव्या पायातला बूट आहे. कार्नेलवर ज्याच्या खुनाचा आरोप आहे, तो रॉइस जेंट्री मेला तिथे बर्फाचं यंत्र नव्हतं, आणि त्याचे दोन्ही बूट पायात होते. हे एल्बर्ट तुमचे कोण?"

"मामा," मी म्हटलं. "आईचा धाकटा भाऊ. मी आईच्याच घरी वाढलो, आडनावही तिकडचंच."

"मग ओळी तुम्ही लिहिल्यात का?"

मी म्हटलं, "बाई, मी फक्त चाहता आहे. मी ऐकतो. लिहिणारे वेगळे."

त्या कार्ड ठेवून गेल्या. केक लव्हॉननेच खाल्ला, एकटीने, माझ्याकडे बघत.

ओझेल


२१ एप्रिल २०२४

कार्नेल,

आज गाण्याबजावण्याचं काही लिहीत नाही. तुला माहीत असलेलंच लिहिणार आहे, कारण ही पत्रं तू एकटा वाचत नाहीस, आणि आता त्या इतरांनी वाचावं अशीच माझी इच्छा आहे.

तुझं मार्च नव्व्याण्णवचं पत्र मला मिळालं होतं. घर बदललं हे खरं, पण पत्र त्याच्या आधीच आलं होतं. बस डेपोत उभ्याने वाचलं. "ओझेल, मी चुकलो. आता सांगून टाक." त्याखाली तू नुसतं कार्नेल लिहिलं होतंस, स्टेजवरचं डीकन नाही. मी ते घडी करून खिशात घातलं, पोरांना शाळेतून घेतलं, घरोघरी सोडलं, आणि डेपोत परत येऊन त्याचे बारीक तुकडे केले.

त्या आठ ओळी माझ्या आहेत. शहाण्णवच्या उन्हाळ्यात आईच्या स्वयंपाकघरात लिहिल्या. एल्बर्टमामा मेला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि त्याचा तो बूट मी डोळ्यांनी पाहिला होता. तुझ्या कॅसेटचं शेवटचं गाणं अडलं होतं. तू तीन दिवस नुसता येरझारा घालत होतास. मी चर्चच्या पत्रकाच्या पाठीमागे लिहून तुझ्यापुढे सरकवलं. तू दोनदा वाचलंस. मग स्वतःच्या अक्षरात वहीत उतरवून घेतलंस. पत्रक आपण सिंकमध्ये जाळलं आणि राखेवर पाणी सोडलं. तशीच पद्धत होती. दुसऱ्याने लिहून दिलं तर कागद मागे राहता कामा नये. आईने विचारलं, कसला वास येतोय, तर तू म्हणालास, "टोस्ट करपला, मिस व्हिटलो."

आपल्यात बाकी काहीही माफ होतं. एखाद्याने बायकोला मारलं, मित्राला फसवलं, गल्लीतल्या पोरांना विष विकलं, तरी त्याची कॅसेट खपायची. पण दुसऱ्याच्या ओळी स्वतःच्या म्हणून म्हटल्या हे उघड झालं, तर तो माणूस संपला. त्याला रस्त्यावर कोणी हात करत नसे. हा नियम मीही मानत होतो, इतर कोणाहूनही जास्त मानत होतो.

खटल्याआधी काचेपलीकडून फोनवर तू मला म्हणालास, "तोंड उघडलंस तर बघ. सुटतो मी, पंधरा दिवसांत सुटतो, त्यांच्याकडे आहेच काय? पण डीकन दुसऱ्याचं लिहिलेलं म्हणतो असं एकदा झालं ना, तर अटलांटाचे रेकॉर्ड कंपनीवाले सोड, गल्लीतलं कुत्रं विचारणार नाही." मी मान हलवली. तू बावीस वर्षांचा होतास. मी तुझ्याहून दोन वर्षांनी मोठा होतो, मला कळायला हवं होतं.

मग सरकारी वकिलाने चष्मा लावून त्या ओळी वाचून दाखवल्या. ताल नाही, ठेका नाही, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचावी तशा. वाचून झाल्यावर म्हणाला, "हा कबुलीजबाब आहे. आरोपीने तो गाऊन दाखवलाय, एवढंच." मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. ज्युरीतल्या बायका तुझ्याकडे बघेनाशा झाल्या, ते मी पाहिलं. मी उठलो नाही.

तू नको म्हणाला होतास म्हणून उठलो नाही, असं मी पंचवीस वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. तुझं नको म्हणणं माझ्या पथ्यावर पडलं. शाळेच्या बसची नोकरी नुकतीच लागली होती आणि पोलिसांनी साधं चौकशीला बोलावलं असतं तरी ती गेली असती. लव्हॉनला सहावा महिना होता. आणि ओळी माझ्या म्हटल्यावर पुढचा प्रश्न मलाच होता: रॉइस जेंट्री मेला त्या संध्याकाळी तू कुठे होतास? मी घरी एकटा रेकॉर्ड ऐकत होतो. माझ्या बाजूने कोण बोललं असतं, ग्रामोफोन?

मी भित्रा आहे, कार्नेल. हे तुला लिहायला मला एवढा वेळ लागला. काल मिस प्रुइटच्या ऑफिसात जाऊन शपथपत्रावर सही करून आलो. त्या म्हणतात, माझ्या एकट्याच्या शब्दावर भागणार नाही, कागद जळलेला आहे. तुलाही सांगावं लागेल. दोघांचं सारखं आलं तर तू सुटशील.

ओझेल


९ जून २०२४

कार्नेल,

चार पानं! अखेर शिव्या घातल्यास, बरं वाटलं. भित्र्याला तू जे जे म्हणालास ते सगळं मान्य. पण शेवटचं पान मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुझेच शब्द इथे उतरवतो, म्हणजे तुला कळेल की मी नीट वाचलेत.

"इथे माझ्याकडे दोन गोष्टी आहेत, एक नंबर आणि एक नाव. नंबर सरकारचा आहे. गेल्या वर्षी परदेशातल्या कोणीतरी माझी कॅसेट पुन्हा काढली, तेव्हापासून नवीन आलेली माणसं मला जेवणाच्या रांगेत पुढे सोडतात. त्या आठ ओळी त्यांना तोंडपाठ आहेत. विचारतात, डीकन, हे कसं सुचलं? सव्वीस वर्षं मी त्यांना सांगतोय कसं सुचलं ते. आता तू येऊन सांगणार की हे बसड्रायव्हरने लिहिलं? बाहेर येऊन मी काय होऊ? एकोणपन्नास वर्षांचा थापाड्या? सही मागे घे."

मागे घेणार नाही. ऐक.

व्हर्डी पिकन्सने उभ्या जन्मात एक ओळ लिहिलेली नाही. ते सावकाश गाणं, ज्याच्यासाठी तू अजून तळमळतोस, ते हेलेना गावच्या एका टपालवाल्याने लिहिलं होतं, त्याच्या कुत्र्यासाठी. तिनेच त्या शुक्रवारी कॅसिनोत सांगितलं. हॉल हसला, मग ती गायली आणि पुन्हा सगळे रडले. तिला कोणी विचारत नाही, बाई, तुझा नवरा खरंच सोडून गेला होता का, कुठल्या तारखेला? मागच्या पत्रांत मी श्वासाबद्दल काहीबाही लिहिलं, ते सोड. ते टिकले कारण गाणं त्यांच्या अंगाला चिकटवलं नाही कोणी. गायलं, टाळ्या घेतल्या, घरी जाऊन जेवले. आपण मात्र आपल्या पोरांना म्हटलं, जे बोलशील ते तू जगलेलं असलं पाहिजे, नाहीतर तू खोटा. सरकारी वकिलाने नवीन काही केलं नाही. आपलाच नियम कोर्टात वाचून दाखवला आणि ज्युरीने तो मानला.

पाहिजे तर पुढची पंचवीस वर्षं मला शिव्या घाल, पण बाहेर बसून घाल. रविवारी चर्चबाहेर तुझी आई भेटली, मिस अर्नेस्टीन. ती आता चाकाच्या खुर्चीत असते, चौऱ्याऐंशीची झाली, ऐकू कमी येतं, बाकी तोंड तसंच आहे. मला म्हणाली, "एवढी वर्षं कुठल्या बिळात होतास रे, ओझेल?" मी तिच्या खुर्चीशी वाकलो. मग माझं मनगट धरून म्हणाली, "मला माणसं ओळखू येताहेत तोवर आण त्याला." मी हो म्हणालो. हो म्हणायचा मला काही अधिकार नव्हता, तरी म्हणालो.

सुनावणी २९ ऑगस्टला आहे. न्यायाधीश तुला विचारतील. एक वाक्य बोलायचंय तुला. नाव काय, पुन्हा मिळवू.

ओझेल


२९ ऑगस्ट २०२४

कार्नेल,

तुला परत घेऊन गेले त्याला चार तास झाले असतील. तुझ्या आईला घरी सोडून, तिच्याच जिन्याशी बसून लिहितोय.

तू म्हातारा झालास रे. पांढरे केस, चष्मा. बेड्या घालून आणलं तरी चालणं तेच, उजवा खांदा पुढे. मी सगळं सांगितलं. एल्बर्टमामा, बूट, सिंक, राख. नवीन सरकारी वकील पोरगेलासा होता, खटला झाला तेव्हा तो पाळण्यात असेल. त्याने विचारलं, "तुम्ही आरोपीचे मित्र आहात?" मी म्हटलं, "होतो." "चाहते आहात?" "पहिल्या दिवसापासून." "कागद कुठे आहे?" "जाळला." तो खाली बघून हसला आणि म्हणाला, "चाहते खूप काही करतात, मिस्टर व्हिटलो." मी म्हटलं, "साहेब, मी एवढा चाहता असतो तर अठ्ठ्याण्णवमध्येच उठलो असतो." ते त्याने लिहून घेतलं नाही.

मग न्यायाधीशांनी तुला उभं केलं. मिस प्रुइटनी तुझ्या बाहीला हात लावला. तू माझ्याकडे पाहिलंस, चांगलं पाहिलंस, रागाने नाही. मला वाटलं, सुटलो आपण.

"मी लिहिल्यात," तू म्हणालास. "एकेक शब्द माझा आहे."

न्यायाधीशांनी विचारलं, याचा परिणाम काय होईल हे कळतंय का. "कळतंय, सर." त्यांनी पुन्हा विचारलं. तू पुन्हा तेच म्हणालास, आणि या वेळी आवाजात तो जुना डीकन होता. अर्ज फेटाळायला त्यांना दहा मिनिटंही लागली नाहीत. आणखी पंचवीस वर्षं, मग सुटकेचं बघू म्हणतात.

तुझ्या आईला ऐकू आलं नव्हतं. ती माझी बाही ओढत राहिली. "काय म्हणाला? काय म्हणाला तो?" मी तिच्या कानाशी वाकून सांगितलं, "म्हणाला, ओळी माझ्याच." तिने मान डोलवली. तिला आधी अभिमानच वाटला, मी पाहिलं. मग म्हणाली, "मग घरी कधी येतोय?"

यावर मी काय सांगितलं ते मी तुला लिहिणार नाही.

आता तुझ्यावर चिडलो तर मलाच लाज वाटेल. तुला तिथे मी बसवलं, आणि तिथे ज्याच्यावर दिवस काढायचे ते मी काढून घ्यायला आलो. तुझं चुकलं असं मला अजून वाटतं. तरी तुझ्या जागी मी असतो तर काय केलं असतं हे मला ठाऊक नाही. त्या आठ ओळी ठेव. यापुढे कोणीही विचारलं तरी त्या तुझ्याच आहेत.

पण चाहता म्हणून एक सांगायचं राहिलं. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं, म्हणजे कदाचित बाकीचं काही घडलं नसतं. त्या आठ ओळी साधारण आहेत, कार्नेल. एका नऊ वर्षांच्या पोराने पाहिलेला बूट आहे, बाकी भरती. जगाने त्या उचलल्या कारण कोर्टाने उचलल्या. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं कोणाला पाठ नाही, त्यात तुझी आई लोकांचे शर्ट इस्त्री करते.

"वाफ उठते, आईचा चेहरा जातो.
वाफ बसते, चेहरा परत येतो.
मी दारात उभा राहून मोजतो,
दर वेळी थोडा कमी येतो."

हे तू माझ्यासमोर, आईच्या त्याच स्वयंपाकघरात, वही न उघडता म्हटलं होतंस. तेव्हा मी काहीच बोललो नाही, कारण मला हेवा वाटला. असं मला शंभर वर्षांत जमलं नसतं. हे टिकेल. व्हर्डीच्या गाण्यांइतकं टिकेल, तू, मी आणि तुझी आई गेल्यावरही टिकेल. या चार ओळी कोणाच्या, असं आज कोर्टात कोणी विचारलं असतं, तर मी शपथेवर सांगितलं असतं.

ओझेल